खारबावात रॅकेट उघडकीस

ऐकलंत का? मी सांगणार नव्हते, पण आता गावभर झालंच आहे, तर माझ्या तोंडून ऐका. अंडरआर्म क्रिकेटमध्ये ज्यांनी बोकडापासून बाइकपर्यंत सगळी बक्षिसं घरी आणली, ज्यांचं नाव पुकारलं की समोरचा बॉलर चेंडू पँटीला पुसत उभा राहायचा, ते आमच्या आळीतले दादा रात्री साडेनऊला पाठीला लांबलचक बॅग लावून मागच्या दाराने बाहेर पडताना पकडले गेले. बॅग सहा रॅकेट्सची. आत रॅकेट एक. उरलेल्या जागेत नॅपकिन, पाण्याची बाटली आणि वहिनींना न दाखवलेली पावती.

पावती वहिनींना सापडली, हे वेगळं सांगायला नको. आकडा मी इथे लिहीत नाही, उगाच घरात भांडण नको. एवढंच सांगते की त्या पैशात पडवीचे पत्रे बदलून झाले असते, आणि पत्रे बदला म्हणून वहिनी मागच्या पावसाळ्यापासून कानीकपाळी ओरडत होत्या.

दादा एकटे असते तर म्हटलं असतं, चाळिशी आली, होतं माणसाला असं. पण बॅडमिंटनची लागण पसरली आहे. शाळेतले सर खेळतात. गोदामातला सुपरवायझर भाचा खेळतो. ज्यांना डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं होतं आणि जे स्टेशनापर्यंतही रिक्षाने जायचे, ते नुकते रिटायर झालेले दोन काका हाफ पँट घालून खेळतात. त्या हाफ पँटींवर स्वतंत्र लेख होईल, तूर्त सोडून देते.

आमचं खारबाव म्हणजे वसई-दिवा मार्गावरचं स्टेशन. मेमू मोजक्याच, एक चुकली की पुढची येईपर्यंत फलाटावर गावाचं अधिवेशन भरतं. आजवर तिथे विषय तीनच असायचे: जमिनीचा भाव, हळदीतला डीजे आणि चिंचोटी-अंजूरफाटा रस्त्यावरचे खड्डे. परवा तिथे दोन बऱ्या घरची मुलं हळू आवाजात बोलत होती. ‘तुझी किती?’ ‘फोर यू. तुझी?’ ‘थ्री. पण हेड हेवी आहे रे, झेपत नाही.’ शेजारी मासळीची पाटी घेऊन बसलेली मावशी पाटी उचलून चार हात लांब जाऊन बसली. ‘तोंडाला काय लगाम?’ म्हणाली. मी तिला समजावलं, मावशी, ते रॅकेटबद्दल बोलताहेत. यावर ती जे म्हणाली ते छापता येणार नाही.

तर हे ‘यू’ प्रकरण काय आहे, ते एकदा सांगूनच टाकते, कारण गावातली निम्मी भांडणं त्यावरून आहेत. यू म्हणजे रॅकेटच्या वजनाचा वर्ग. यॉनेक्सवाल्यांनी तो रूढ केला आणि यात सगळं उलटं असतं: आकडा मोठा तितकी रॅकेट हलकी. थ्री यू म्हणजे 85 ते 89.9 ग्रॅम, फोर यू म्हणजे 80 ते 84.9, फाइव्ह यू म्हणजे 75 ते 79.9. मुठीच्या जाडीला ‘जी’ म्हणतात आणि तिथेही उलटंच: जी फोर जाड, जी फाइव्ह बारीक. आमच्याकडच्या जमिनीच्या दलालांना हा हिशेब एका दिवसात पाठ झाला. बाकीच्यांना अजून वेळ लागतोय.

आता थ्री यू आणि फोर यू यांच्यात फरक किती? पाचेक ग्रॅमचा. म्हणजे खेळायच्या एका फुलाच्या, म्हणजे शटलकॉकच्या, वजनाचा, कारण फूलही नियमाप्रमाणे 4.74 ते 5.50 ग्रॅमचंच असावं लागतं. त्या एका फुलाएवढ्या वजनावरून गेल्या महिन्यात दोन सख्खे चुलतभाऊ एकमेकांशी बोलेनासे झाले. सामाईक विहिरीवरून जे झालं नव्हतं ते यावरून झालं. पण रॅकेट हातात धरून बघितली तर त्यांचं अगदीच खोटं नाही. तासभर हात डोक्यावर नेऊन फटके मारले की ते पाच ग्रॅम खांद्याला बरोबर मोजता येतात.

खेळतात कुठे, हा खरा चोरीचा मामला. उघड्यावर हा खेळ आमच्याकडे होत नाही. खाडीवरून संध्याकाळी जो वारा सुटतो तो फुलाला पलीकडे जाऊच देत नाही, किंवा एकदा गेलं की थेट कुणाच्या तरी भातात. म्हणून यांनी शोधून काढला एक रिकामा गाळा. भिवंडीच्या पट्ट्यात गोदामांना काय तोटा! मालोडीपासून अंजूरफाट्यापर्यंत आणि पुढे मानकोलीपर्यंत गाळेच गाळे. एका गाळ्याचा भाडेकरू सोडून गेला, नवा यायचा होता, तेवढ्यात यांनी मालकाला मस्का लावून संध्याकाळनंतरची किल्ली मिळवली. छप्पर उंच, मध्ये खांब नाही, वाऱ्याला मज्जाव. फरशीवर पिवळी चिकटपट्टी लावून 44 फूट लांब नि 20 फूट रुंद कोर्ट आखलं, मधोमध पाच फुटांवर नेट. लाइट डोक्यावरचे काढून बाजूच्या भिंतीवर लावले, कारण वर बघून फटका मारताना डोळ्यांत उजेड गेला की फूल दिसत नाही. लग्नाच्या मांडवालाही कधी एवढी अक्कल लावली नसेल या लोकांनी.

आमच्या वरच्या आळीतले एक आजोबा मात्र खवळले. म्हणाले, साहेबाचा खेळ आपल्या गावात कशाला? कबड्डी काय वाईट आहे? कबड्डी वाईट नाहीच. पण साहेबाचा म्हणून या खेळाला हाकलायची सोय नाही हो. याचे सुरुवातीचे नियम ब्रिटिश अधिकाऱ्यांनी 1870च्या दशकात आपल्या पुण्यातच बांधले, आणि तेव्हा खेळाला म्हणायचेच ‘पूना’. नंतर इंग्लंडमधल्या एका उमरावाच्या ‘बॅडमिंटन हाउस’ या वाड्याचं नाव चिकटलं. म्हणजे बारसं एकाकडे, नाव दुसऱ्याच्या घरचं. सांगलीचे नंदू नाटेकर 1956 मध्ये क्वालालंपूरला स्पर्धा जिंकून आले, परदेशात विजेतेपद मिळवणारे पहिले भारतीय बॅडमिंटनपटू म्हणून. 1961 मध्ये अर्जुन पुरस्कार सुरू झाले तेव्हा पहिल्याच मानकऱ्यांत त्यांचं नाव होतं. तेही लाकडी रॅकेटच्या जमान्यात, जी खेळून झाली की वाकडी होऊ नये म्हणून चौकटीत घालून स्क्रूने आवळून ठेवायची. आजोबांना हे सगळं सांगितलं. ते म्हणाले, सांगलीचे ना? मग ठीक आहे.

आमच्याकडे ही आग लागली कधी, याचा शोध घेतला तर धागा पोचतो 15 मे 2022 या रविवारी. लग्नसराई ऐन भरात होती. त्या दुपारी बँकॉकला भारताने थॉमस कपच्या अंतिम सामन्यात इंडोनेशियाला 3-0 हरवलं. ज्यांनी तो कप चौदा वेळा नेलाय त्यांना. मांडवात मोबाइल धरून बसलेली पोरं वाढायला उठेनात, ही तक्रार मी स्वतः ऐकलेली आहे. त्या भारतीय संघातला चिराग शेट्टी आपल्या मुंबईचा, म्हणजे जवळजवळ शेजारचाच. त्याचा जोडीदार सात्विकसाईराज. त्या सात्विकने 2023 मध्ये ताशी 565 किलोमीटर वेगाचा स्मॅश मारून विश्वविक्रम केला, आणि ही बातमी गावात आली तेव्हा एक रिक्षावाला म्हणाला, ते फूल आमच्या कामण रोडच्या खड्ड्यांत मारून दाखवायला सांगा.

झालं, त्या आकड्याने दादांचं डोकं फिरलं. पहिली रॅकेट घ्यायला गेले तर मागितली कोणती, तर सगळ्यात जोरात स्मॅश बसेल ती. दुकानदार कशाला नाही म्हणेल! डोक्याकडे जड आणि दांडी एकदम कडक अशी रॅकेट त्यांच्या हातात आली, वर 28 पौंडांचं गटिंग करून, म्हणजे जाळी आवळून. तिसऱ्या आठवड्यात कोपराला पट्टा. आता ते उजव्या हाताने भाकरीसुद्धा मोडत नाहीत, वहिनी मोडून देतात. हे मी अतिशयोक्ती करत नाही, पंगतीत बघितलंय.

याचं कारण भाच्याने मला समजावलं आणि मला ते पटलं. कडक दांडी ज्यांचा हात विजेसारखा फिरतो त्यांच्यासाठी. तेवढ्या वेगाने हात फिरला तरच ती वाकते आणि वाकून सरळ होताना फुलाला धक्का देते. आपल्यासारख्यांचा हात तेवढा फिरत नाही, मग ती वाकतच नाही, सगळा हिसका कोपरात जातो आणि फूल नेटमध्ये. लवचीक दांडी हळू हातालाही साथ देते. गटिंगचंही तेच. 28-30 पौंडांना आवळलेली जाळी चांगल्या खेळाडूला नेमका फटका देते, पण तिच्यात फूल नीट बसायची जागा मधे अगदी थोडी असते. कडेला लागलं की मेलं. वीस ते बावीस पौंडांची जरा सैल जाळी नवख्याला सांभाळून घेते आणि फूल आपणहून लांब जातं. दादांना हे सांगायची हिंमत गावात कुणाची नाही. मी छापून आणतेय, वाचतील तेव्हा वाचतील.

आता खरा धक्कादायक भाग. गावात सगळ्यात शहाण्या रॅकेट्स आहेत त्या वहिन्यांकडे. होय, त्यापण खेळतात. संध्याकाळी सहा ते सात गाळा त्यांचा. सुरुवातीला ‘बायकांनी उड्या मारायच्या?’ अशी कुजबुज झाली, पण ती करणाऱ्यांची सूनच सगळ्यात आधी शूज आणून मोकळी झाली. तसं पाहिलं तर क्रिकेटमहर्षी दि. ब. देवधरांच्या मुली, तारा, सुंदर आणि सुमन, 1940च्या दशकात देशभरच्या बॅडमिंटन स्पर्धा गाजवत होत्या. ऐंशी वर्षांपूर्वी! तेव्हा पुण्यात कुजबुज झाली असेल तर ती त्या स्मॅशच्या आवाजात ऐकू आली नसावी.

तर आमची धाकटी वहिनी पहिली रॅकेट घ्यायला निघाली तेव्हा साक्षीदार म्हणून मला बरोबर घेतलं. मेमूने कोपर, तिथून जिना उतरून खालच्या लोकलने ठाणे. दुकानात गेल्या गेल्या पोऱ्याने विचारलं, कुणासाठी, मुलासाठी का? वहिनी म्हणाली, माझ्यासाठी. त्याने लगेच गुलाबी काढली. वहिनीने ती न बघताच परत सरकवली.

मग तिने जे केलं ते बघून माझा तिच्याबद्दलचा आदर वाढला. मुठीच्या वर दांडी जिथे सुरू होते तिथे एक निमुळता भाग असतो. तिथल्या बारीक अक्षरांवर तिने मोबाइलचा टॉर्च मारला. फोर यू, जी फाइव्ह, आणि पुढे पौंडांची हद्द, ती वाचली. मग रॅकेट आडवी करून दांडीखाली एक बोट धरलं आणि ते इकडे-तिकडे सरकवत रॅकेट तोलून बघितली. बोट डोक्याकडे न्यावं लागलं तर डोकं जड, मुठीकडे न्यावं लागलं तर डोकं हलकं. पहिली रॅकेट डोक्याकडे झुकली, ठेवून दिली. दुसरी मधोमध राहिली. मग एका हाताने मूठ आणि दुसऱ्याने टोक धरून दांडी अलगद वाकवून बघितली. पोऱ्या ओरडला, ‘मॅडम, तुटेल!’ ती म्हणाली, ‘एवढ्यात तुटली तर मी खेळू कशाने?’ आणि शेवटी डोळ्यासमोर सरळ धरून, दांडी आणि डोकं एका रेषेत आहेत का, हे एक डोळा मिटून पाहिलं. तिथे बंदुका विकत असल्यासारखं वाटायला लागलं मला.

जी फाइव्ह का घेतली, म्हणून मी विचारलं, तर म्हणाली, बारीक मुठीवर एक ग्रिप जास्त चढवता येते, जाड मूठ तासून बारीक करता येत नाही. बरोबर आहे की नाही?

त्या दुकानातच भिंतीवर एका कोपऱ्यात दहा-बारा स्टीलच्या दांडीच्या रॅकेट्स लटकत होत्या. यॉनेक्सची जीआर 303 आणि तिची भावंडं. स्टीलची दांडी, अ‍ॅल्युमिनियमचं डोकं, हजाराच्या आतली किंमत. आपल्याकडे निम्म्या देशाने अंगणात पहिलं फूल या असल्या रॅकेटने मारलेलं आहे, तिला मी नावं ठेवणार नाही. पोरांना सुट्टीत द्यायला उत्तम. पण आठवड्यातून तीन दिवस गाळ्यात खेळायचं असेल तर ती मनगट मोडते आणि चेहराही पाडते, कारण फूल मागच्या रेषेपर्यंत जातच नाही. त्याच्यापुढची पायरी म्हणजे पूर्ण ग्राफाइटची, एकसंध बनवलेली रॅकेट. दीड-दोन हजारांच्या आसपास सुरू होते. माझं मत विचाराल तर नवख्याने तिथेच थांबावं. फोर यू, तोल मधला किंवा डोकं थोडं हलकं, दांडी लवचीक किंवा मध्यम. त्याच्यावरचे पैसे उरले तर शूजना घालावेत. गुळगुळीत फरशीवर रस्त्यावरचे बूट घालून खेळणाऱ्या एका काकांचा घोटा अजून सुजलेला आहे. त्यांची रॅकेट मात्र दृष्ट लागावी अशी.

वहिनीने दोन हजारांच्या आतलीच घेतली. डोकं वरून चौकोनीसर, अंड्यासारखं गोल नाही. हे रूपही काही फॅशन नाही बरं का. 1992 मध्ये यॉनेक्सने असं चौकोनीसर डोकं काढलं, कारण त्यात फूल नीट बसायची जागा वाढते. आणि या यॉनेक्सवरून आठवलं. आमच्या खाडीकाठच्या लोकांनी या जपानी कंपनीचा एवढा मान का ठेवावा, याचं कारण मला उशिरा कळलं. मिनोरू योनेयामा नावाच्या माणसाने 1946 मध्ये निइगाता भागात हा धंदा सुरू केला, तो रॅकेटचा नव्हेच. मासेमारीच्या जाळ्यांना लावायचे लाकडी तरंगे बनवायचा. मग प्लास्टिकचे तरंगे आले आणि लाकडाचं बसलं. कारखाना नि लाकूडकाम हाताशी होतं, म्हणून रॅकेट करायला घेतल्या. 1978 मध्ये यांचीच कार्बोनेक्स 8 ही ग्राफाइटची रॅकेट आली. हे मी फलाटावरच्या त्या मावशीला सांगितलं. ती म्हणाली, ‘म्हणजे मासळीचा धंदा बसला म्हणून खेळायला लागला? आमच्याकडंपण तेच चाललंय.’

आता गटिंग. रॅकेटला जाळी ओवून घेण्याला सगळे गटिंगच म्हणतात, तो शब्द आतड्याच्या तातींच्या काळातला, पण आज तात नायलॉनसारख्या धाग्याची असते. बहुतेक नवखे बीजी सिक्स्टी फाइव्ह घेतात, 0.70 मिलिमीटर जाडीची, कारण ती टिकते. बारीक धागा आवाज छान करतो आणि लवकर तुटतो. एका रॅकेटला दहा मीटरचं पाकीट. वहिनीच्या रॅकेटचं गटिंग करून घ्यायला भिवंडीला गेलो, तेव्हा आमच्याबरोबर यंत्रमागावर उभी हयात काढलेले एक काका होते. ते सहज आले होते, चहाला.

मशीनवर रॅकेट आडवी ठेवून चहूबाजूंनी आवळली. पोराने आधी उभ्या दोऱ्या घ्यायला सुरुवात केली, मधून सुरू करून एक डावीकडे, एक उजवीकडे. दोरी ओढली की मशीन ठरलेल्या पौंडाला आपोआप थांबायचं, पोरगा चिमटा लावायचा, पुढची दोरी. अशा बावीस उभ्या. काका चहा विसरले. ‘हा ताणा झाला,’ म्हणाले, ‘आता बाणा घाल.’ पोराला काही कळेना, पण त्याने आडव्या दोऱ्या घालायला घेतल्याच होत्या, एक खालून, एक वरून, बोटाच्या टोकाने सरळ करत. काकांनी मान वाकवून, जाळीवर नखाने टिचकी मारून कान लावला. मग खालच्या टोकाशी मारली. ‘इथं सैल आहे. सारखा ताण नाय.’ पोरगा म्हणाला, ‘काका, मशीन आहे.’ काका म्हणाले, ‘मागपण मशीनच होता.’ पोराने त्या दोरीवर बोट फिरवलं, थोडा वेळ काही बोलला नाही, आणि चार दोऱ्या सोडून पुन्हा ओढल्या.

तेव्हापासून गावात गटिंगचा शेवटचा शब्द काकांचा. त्यांनी स्वतः आजवर एकही फटका मारलेला नाही. रॅकेट आणली की टिचकी मारतात, कान लावतात, निकाल देतात. एक धागा तुटला की उरलेली सगळी जाळी लगेच कात्रीने कापून टाका, असं त्यांनी बजावून ठेवलंय, कारण एकीकडे ताण नि एकीकडे मोकळं राहिलं की चौकट वाकडी होते. त्यांचं म्हणणं, बीमवर एका बाजूचा धागा ढिला पडला की कापड तिरकं येतं, इथे कापड नाही म्हणून काय झालं. आणि रॅकेट गाडीच्या डिकीत उन्हात ठेवणाऱ्याशी ते बोलत नाहीत. दादांशी सध्या बोलत नाहीत.

काही जण मात्र ठाण्याला जातच नाहीत. मोबाइलवर मागवतात. यातली गंमत अशी की ज्या गोदामातून ती रॅकेट निघत असेल ते बहुधा आमच्या गावापासून रिक्षाच्या अंतरावर असेल. पण ती तिथून निघते, कुठल्या कुठल्या हबला जाऊन येते आणि तीन दिवसांनी आमच्याच रस्त्याच्या खड्ड्यांतून दचके खात दारात पोचते. भाचा त्या गोदामात काम करतो, तरी त्यालाही तीन दिवस थांबावं लागलं. नातं चालत नाही म्हणतो तिथे. आणि नकला! पंधरा हजारांची रॅकेट अठराशेला मिळाली म्हणून एका शहाण्याने पेढे वाटले. होलोग्रामचा स्टिकर नखाने सहज निघाला, आणि नावातल्या एका अक्षराची जागा दुसऱ्याने घेतली होती. पेढे मात्र खरे होते.

नवा तंटा पिसांच्या फुलांचा. आतापर्यंत सगळे नायलॉनच्या फुलाने खेळायचे, टोपीला हिरवी, निळी किंवा लाल पट्टी असते ते. हिरवं हळू, निळं मध्यम, लाल जोरात. एक फूल आठवडा काढतं, वर्गणी बेताची. पण सरांनी कुठूनसं पिसांचं फूल आणलं, एकदा हात लागला आणि मंडळी बिघडली. म्हणे, याचा नाद वेगळाच. वेगळा असणारच, आंतरराष्ट्रीय सामन्यांत तेच वापरतात. पण ते एका रात्रीत फाटतं. चार जणांचा डबल्सचा खेळ रंगला तर एका बैठकीत तीन-चार फुलांचा भुगा. वर्गणी दुप्पट झाली, तिप्पट व्हायच्या मार्गावर आहे, आणि रिटायर काकांनी तर पेन्शनचा दाखला पुढे करून सवलत मागितली.

हा वाद मिटवायला परवा सगळे आमच्याच ओट्यावर बसले होते. आमच्या आत्या, वय सत्तरीच्या पुढे, खाडीचे निवटे साफ करत एका बाजूला बसलेल्या. सर समजावत होते: एका फुलाला सोळा पिसं लागतात. बदकाची किंवा हंसबदकाची. ती पण पंखाची, आणि चांगल्या फुलाला सगळी एकाच बाजूच्या पंखाची, नाहीतर फूल हवेत सरळ फिरत नाही. एका पक्ष्याची मोजकीच पिसं कामाला येतात. बहुतेक माल चीनमधून. 2025 मध्ये तर भाव इतका चढला की मोठमोठ्या अकादमींचे साठे आटले.

आत्यांनी निवटा तसाच धरून विचारलं, ‘ना मंग बाकीचा बदक कुठं जातो?’

सगळे गप्प. सर म्हणाले, ‘आत्या, बाकीचा बदक ते लोक खातात. तोच तर प्रश्न आहे. तिकडे आता बदक कमी खायला लागलेत, डुक्कर जास्त. बदक पाळणारे कमी झाले, म्हणून पिसं मिळेनात, म्हणून फूल महाग.’

‘एवढाच ना?’ आत्या निवट्याला राख चोळत म्हणाल्या. ‘मंग आपून खाऊ की! वीस बदकं आणा, मी मसाला वाटते. पंख पोरांनी घ्या, काय खेळायचं ते खेळा.’

ठराव एकमताने मंजूर झाला. बदकं कुठून आणायची याची चौकशी दादांकडे दिली आहे, कारण त्यांचा हात तसाही रिकामा आहे.